एकशे अडतीस अंश

तोंडवली, ता. मालवण
१४ नोव्हेंबर १९५७

चि. बाळास सत्यवतीचा आशीर्वाद.

पत्र हाती पडेल त्याच दिवशी उत्तर धाड. तुझी सवय मला माहीत आहे, उद्या-परवा करत बसशील.

तुझे भावजी अजून आले नाहीत. रत्नागिरीला सुकी मासळी उतरवून सोमवारी गलबत परत निघालं, हे तिथून आलेल्या माणसानेच सांगितलं. मंगळवारी दुपारपर्यंत घरी यायला हवे होते. मंगळवारी सकाळीच दक्षिणेकडून वारा सुटला, असा की आमच्या माडाच्या झावळ्या थेट विहिरीत जाऊन पडल्या. आज गुरुवार, दर्या अजून खवळलेला, शोधाला बोटी घालता येत नाहीत. बरोबर भिकाजी आणि बाबली आहेत. भिकाजीची सुभद्रा दिवसातून चार वेळा येऊन माझ्या तोंडाकडे बघून जाते. माझ्या तोंडावर काय लिहिलंय?

गावात काय बोलतात तेही सांगते, नाहीतर दुसऱ्याच्या तोंडून तुला कळेल. म्हणतात, सहदेव गोव्यात गेला. दिवाळीत आमचं भांडण झालं ते अख्ख्या वाडीने ऐकलं होतं. हे म्हणाले, "गोंयात जातंय, थंयसून आगबोटीर काम गावता." मी म्हटलं, "जातलात तर माझ्या मढ्यावरसून जावा." मग तीन दिवस बोलणं नव्हतं. रत्नागिरीला जायला निघाले तेव्हाही मी दारातच उभी राहिले. गलबताचा तांडेल निघताना 'खंय' म्हणून विचारायचं नाही ही आपली रीत. आई सांगायची, "इचारलंस तर दर्यो आयकता." मी विचारलं नाही. आता कोण म्हणतं परत यायचं होतं, कोण म्हणतं नव्हतं, आणि त्यांची बायको असून मला सांगता येत नाही.

तुझ्या कचेरीत आगबोटींच्या बातम्या येतात ना? कोणी आमचं गलबत बघितलं का शोध. शिडाच्या वरच्या अंगाला गेरूचा लाल पट्टा आहे. तू वाडीतला एकटा मॅट्रिक. ते शिक्षण आज आमच्या उपयोगी पडू दे.

तुझी बाय,
सत्यवती

माझगाव, मुंबई
१६ नोव्हेंबर १९५७

ती. बाय हिला बाळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सकाळी मिळालं आणि बाय, देव पावला! भावजींचं गलबत एक नाही, दोन जहाजांनी पाहिलंय. दोन्ही जहाजं मुंबईत आली आहेत आणि त्यांच्या नोंदींचा उतारा आमच्याच कचेरीत आहे. दोघांनीही लाल पट्ट्याचं शीड लिहिलंय. गलबत शाबूत होतं, शीड अर्धं उतरवून चाललं होतं, मदतीची खूण केली नव्हती.

पहिलं जहाज परदेशी, तेल वाहणारं. मंगळवार, सकाळी दहा. अक्षांश १६ अंश १६ मिनिटं, रेखांश ७३ अंश ३ मिनिटं. दुसरी आपली मालाची आगबोट, मंगळुराहून येणारी. तोच मंगळवार, दुपारी साडेबारा. अक्षांश १६ अंश २ मिनिटं, रेखांश ७३ अंश १६ मिनिटं.

एवढं मिळालं की गलबताचं तोंड कुठे होतं ते काढता येतं. तुझे चुलतसासरे दाजी, त्यांना नीट समजावून सांग. दोन जागांमध्ये उत्तर-दक्षिण फरक चौदा मिनिटं, म्हणजे चौदा सागरी मैल. पूर्व-पश्चिम फरक तेरा मिनिटं, पण रेखांशाच्या रेघा उत्तरेकडे जाताना एकमेकींजवळ येतात, म्हणून आपल्याकडे तेराचे साडेबाराच मैल धरायचे. त्यासाठी अक्षांशाच्या कोसाइनने गुणतात. मग साडेबाराला चौदाने भागायचं आणि कोष्टकात कोन बघायचा. आला पावणेबेचाळीस. गलबत दक्षिणेकडून तेवढं पूर्वेला झुकून चाललं होतं. होकायंत्रावर उत्तरेपासून मोजलंत तर एकशे अडतीस अंश.

मी नकाशावर पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली. ती तोंडवलीला येत नाही, बाय. मालवणच्या बाहेरून, दहा-बारा मैलांवरून निघून जाते. रेडीच्याही बाहेरून जाते आणि गोव्यात आग्वादला टेकते. ते का, हे मला विचारू नकोस. पण गलबत दक्षिणेला आहे एवढं नक्की. वाऱ्याने थकून रेडीला आसऱ्याला शिरले असतील. शोधाला वाडीच्या बोटी ताबडतोब रेडीकडे धाडा. पश्चिमेला दर्या धुंडाळण्यात वेळ घालवू नका.

आमच्या खोलीतला एकजण आज आगबोटीने गावी येतोय, हे पत्र त्याच्या हाती देतो. परवा तुला मिळेल.

तुझा,
बाळा

तोंडवली
२६ नोव्हेंबर १९५७

चि. बाळास आशीर्वाद.

तुझं पत्र अठरा तारखेला, सोमवारी दुपारी आलं. दाजींना वाचून दाखवलं. ह्यांचे काका म्हणून नव्हे, पण साठ वर्षं दर्यावर काढलेला माणूस, त्यांचा शब्द वाडीत चालतो. ते म्हणाले, "वारो दक्षिणेचो होतो गो. त्या वाऱ्याच्या तोंडात अडीच तासांत अठरा मैल? ता गलबत आसा काय आगबोट?" त्यांच्या मनात बोटी पश्चिमेला, खोल दर्यात न्यायच्या होत्या. त्यावर थोडी बोलाचाली झाली. शेवटी दोन्ही बोटी रेडीला गेल्या.

सहा दिवस गेले त्यात. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, सगळीकडे विचारलं. फळकूट नाही, दोर नाही, माणूस नाही. रेडीला एकजण म्हणाला, मंगळवारी दिवेलागणीला एक शीड तेरेखोलच्या पलीकडे जाताना दिसलं होतं. पट्टा बघितला नाही म्हणाला. पलीकडे पोर्तुगीजांचे बंदूकवाले, तिथे आपली बोट जाऊ शकत नाही. आले माघारी.

तुझी रेघ खरी ठरली. घो जिवंत आहे आणि मला टाकून गेला. दारापासून दहा-बारा मैलांवरून गेला रे! चुलीचा धूर दिसला असेल त्याला. सुभद्रा रडली, मग म्हणाली, "जित्ते तरी आसत." मला तसं म्हणता येत नाही. मेला असता तर मी रडले असते. आता काय करू? पाच वर्षांची विमला विचारते, बाबा खंय गेले. तिला सांगितलं, गोव्यात नवी आई आणायला गेले. वाईट बोलले, माहीत आहे. बोलून गेले.

सत्यवती

माझगाव, मुंबई
५ डिसेंबर १९५७

ती. बाय,

पत्र वाचून दोन घास घशाखाली उतरले नाहीत. तरी सुभद्रावहिनी म्हणतात तेच मी म्हणेन, जिवंत आहेत हे थोडं नाही. रागाचा माणूस, राग उतरला की येईल.

दाजींचं वाऱ्याचं म्हणणं मी विचारात घेतलं. शीड तिरकं लावून वाऱ्याविरुद्ध जाता येतं हे दाजींना मी काय सांगणार! दर्यावर्दी माणसं अंदाजाने बोलतात, त्यात काही गैर नाही, पण आकड्याला वारा लागत नाही. मी गणित तीनदा मांडून पाहिलं. तीनदा एकशे अडतीसच आले.

विमलाला असं काही सांगत जाऊ नकोस.

बाळा

तोंडवली
३१ ऑगस्ट १९५८

चि. बाळास आशीर्वाद.

शिमग्याला आला नाहीस, गणपतीला येणार नाही असं आधीच कळवलंस. मुंबईचं पाणी लागलं वाटतं! असो. साहेब मोठा झालास, आम्ही काय बोलणार.

परवा नारळी पौर्णिमा झाली. सगळ्या बायका दर्याला नारळ द्यायला गेल्या. मीही गेले, पण हात रिकामा. सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या घोवाक दर्यान न्हेल्यान नाय, तो आपल्या पायान गेलो. मी कित्या नारळ देव?" बायका आपापले नारळ सोडून वळल्या. दाजी लांब उभे होते, ते घरी निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

आणि तेवढं बोलून आले तरी मन शांत नाही बघ. राग आहे तोवर बरं असतं, राग जरा कमी झाला की वाटतं, हा माणूस असा नव्हता. भांडला तरी ताटावरून उठला नाही कधी. म्हणून तुला विचारते, हसू नकोस. तुझं ते गणित पुन्हा एकदा मांडून बघशील? रेघ थोडी इकडे सरकते का? दोन-चार बोटं सरकली तरी तोंडवलीला लागेल, असं माझ्या अडाणी डोक्याला वाटतं. घरी येत होता एवढं निघालं तरी मला पुरे. मग तो कुठेही असो.

सत्यवती

माझगाव, मुंबई
१२ सप्टेंबर १९५८

ती. बाय,

पत्र मिळालं. गणित आहे तेच आहे, पुन्हा मांडून काय व्हायचं. तू त्यात जीव घालू नकोस. विमलाला शाळेत घाल, पाटी-पुस्तकं मी धाडतो.

इथे काम फार आहे. भाऊबिजेला जमेलसं वाटत नाही.

बाळा

तोंडवली
६ फेब्रुवारी १९६२

चि. बाळास आशीर्वाद.

चार भाऊबिजा कोरड्या गेल्या आणि तुझी पत्रंही आटली. पण आज भांडायला लिहीत नाही.

डिसेंबरात गोवा मोकळा झाला, तुला माहीतच आहे. इथे लोकांनी पेढे वाटले. मी मात्र दुसऱ्याच दिवशी विमलाला सुभद्राकडे ठेवून निघायला बघत होते, पण रस्ते सुरू व्हायला जानेवारी उजाडला. सतरा दिवस फिरले. तेरेखोल, शापोरा, आग्वाद, बेती, पणजी. प्रत्येक बंदरात म्हाताऱ्या तांडेलांना धरून विचारलं. सत्तावन साल, लाल पट्टा, तिघेजण, एकाच्या हनुवटीवर वण. माणसं चांगली. जेवू घालतात, बसायला देतात, मग मान हलवतात. बेतीतली एक म्हातारी मासळी विकते, ती म्हणाली, "बाय, भायलें व्हडें आयलें जाल्यार आमकां कळनासतना रावता?" बाहेरचं गलबत आलं असतं तर त्यांना कळल्याशिवाय राहिलं नसतं. खरंच आहे. आपल्या बंदरात तरी कळल्याशिवाय राहतं का?

तरी मी सोडणार नाही. अजून मुरगाव राहिलंय. तिथे एका घरी स्वयंपाकाचं काम मिळतंय. तिथेच राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांना विचारत राहायचं. विमला दहा वर्षांची झाली, सुभद्रा सांभाळीन म्हणते. पोर माझ्या पदराला धरून रडते, पण मी मन घट्ट केलंय. तो जिवंत आहे आणि त्याने माझ्या समोर येऊन सांगावं की मला का टाकलं. एवढं ऐकल्याशिवाय मी मरणार नाही.

पंधरा दिवसांत निघेन. तुला कळवायचं म्हणून कळवलं.

सत्यवती

माझगाव, मुंबई
१० फेब्रुवारी १९६२

ती. बाय,

मुरगावला जाऊ नकोस. विमलाला सोडू नकोस. भावजी गोव्यात नाहीत. ते कधीच गोव्याकडे गेले नव्हते.

कसं लिहू कळत नाही, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. जागा दोन, त्या बरोबर आहेत. वेळा दोन, सकाळी दहा आणि दुपारी साडेबारा. आपल्या आगबोटीने साडेबारा लिहिले ते आपल्या घड्याळाचे. त्या परदेशी जहाजाने दहा लिहिले ते विलायतेतल्या ग्रीनिचच्या घड्याळाचे. लांब पल्ल्याची जहाजं तेच घड्याळ चालवतात. आपण त्यांच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणजे त्या जहाजाने गलबत पाहिलं तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झाले होते.

मी ज्याला आधीची जागा म्हटलं ती नंतरची होती. गलबत उत्तरेकडून दक्षिणेला गेलं नाही. साडेबाराला ते मालवणपासून अकरा-बारा मैलांवर होतं, म्हणजे घरी येत होतं, बाय. जवळजवळ आलंच होतं. तिथून दक्षिणेच्या वाऱ्याने त्याला मागे लोटलं. खडकाळ बंदरात त्या वाऱ्यात शिरण्यापेक्षा भावजींनी तोंड खोल दर्याकडे फिरवलं असेल. तीन तासांत अठरा मैल, वारा पाठीवर घेऊन. दाजी म्हणत होते तेच. एकशे अडतीसच्या अगदी उलट, तीनशे अठरा अंश. वायव्येला, जिथे जमीन नाही.

शेवटी दिसले ती जागा आपल्या तोंडवलीपासून चोवीस मैल, पश्चिमेपासून उत्तरेला एकोणीस अंश. हे मी पाच वेळा तपासलंय. आणखी एका माणसाकडूनही तपासून घेतलंय.

आता राहिलेलं सांगतो. हे मला आज कळलं नाही. अठ्ठावन सालच्या जूनमध्ये कळलं. शेजारच्या टेबलावरचे वयस्क कारकून एका परदेशी नोंदीवर सहज म्हणाले, "ग्रीनिच लिहिलंय, साडेपाच मिळव." मी तसाच उठलो. जुनं दप्तर काढून पाहिलं, कोपऱ्यात तीन बारीक अक्षरं होती, जी.एम.टी., मी ती वाचलीच नव्हती. तू ऑगस्टात लिहिलंस की पुन्हा मांडून बघ, तेव्हा मला सगळं माहीत होतं. वाटलं, निदान तुझ्या मनात ते जिवंत आहेत, रागाने का होईना. सांगितलं तर तेही जाईल. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. त्या सोमवारी बोटी वायव्येला गेल्या असत्या तर? सहाच दिवस झाले होते. गलबतावर पिण्याच्या पाण्याचं पिंप असतं. मी चार वर्षं एवढाच हिशेब करतोय. म्हणूनच गावी आलो नाही.

माझ्या एका कागदावर बोटी फिरल्या. क्षमा कर असं कुठल्या तोंडाने लिहू?

बाळा

तोंडवली
११ मार्च १९६२

चि. बाळास,

पत्र मिळून तीन आठवडे झाले. मुरगावला गेले नाही.

सुभद्राला त्याच दिवशी सांगितलं. हातातल्या बांगड्या तिने माझ्या देखत उंबऱ्यावर फोडल्या आणि मग माझ्या. बाबलीच्या आईला सांगायला आम्ही दोघी गेलो. ती म्हणाली, "माका ठावक होता गो, झील जितो आसतो तर म्हयन्यान तरी चिटी धाडतो."

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. ते खोटं होईल. चूक झाली त्याचा राग नाही, चूक कोणाच्याही हातून होते. पण चार वर्षं मी ज्या माणसाला उठता-बसता शिव्या घातल्या तो घरी यायला धडपडत मेला, आणि हे तुला माहीत होतं. नारळी पौर्णिमेला मी दर्याला काय बोलून आले ते तुला पत्राने कळवलं होतं. ते वाचूनही तू पाटी-पुस्तकं धाडलीस.

आता माझं ऐक. तू लिहितोस तुझ्या कागदावर बोटी फिरल्या. तुला मी तेव्हा लिहिलं होतं की थोडी बोलाचाली झाली. थोडी नव्हती. दाजींनी नांगर उचलला होता. चार दिवसांचं पाणी, चुरमुरे, गूळ, सगळं भरून झालं होतं. बोटींची तोंडं पश्चिमेला होती. मी तुझं पत्र घेऊन कंबरभर पाण्यात गेले, बोटीचा दोर धरला आणि अख्ख्या किनाऱ्यासमोर ओरडले, "माझो भाव मॅट्रिक झालो हा! तुका तरी एक अक्षर वाचूक येता काय?" साठ वर्षं दर्यावर काढलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बोटीवरच्या पोरांकडे बघितलं. सगळे मान खाली घालून होते. मग दाजी म्हणाले, "फिरवा रे." बोटी तू फिरवल्या नाहीस, बाळा. मी फिरवल्या. हे मी तुला कधी कळवलं नाही, म्हणजे लपवण्यात आपण सारखेच.

क्षमेचं म्हणशील तर ती मला माझ्यासाठी सापडत नाही, तुला कुठून देऊ.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. आता त्यांना आधाराशिवाय उठवत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जांव दे. बाळान आता खरा सांगल्यान मा?" एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील, एक शिवी तरी हासडतील. ती मला हवी होती.

काल तिघांचे विधी केले. प्रेत नाही म्हणून भटजींनी दर्भाचे तीन पुतळे करायला सांगितले. विमलाला बापाचा चेहरा नीट आठवत नाही, ती पुतळ्याकडेच बघत राहिली. घरात पुरुष नाही म्हणून पाणी द्यायला दाजींना किनाऱ्यावर नेऊन पाटावर बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी तोंड दर्याकडे केलं, पश्चिमेच्या थोडं उत्तरेला. मी त्यांना तुझे अंश काही नीट समजावले नव्हते. त्यांनी आपणच तोंड तिकडे केलं, आणि ते बरोबर होतं.

भटजी म्हणाले, "तसं नाही. मेलेल्याला पाणी दक्षिणेकडे तोंड करून द्यायचं. शास्त्र आहे."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. शिकलेल्या माणसासमोर काय बोलायचं ते मला अजून कळत नाही. मग त्यांनी दोन्ही हात वाळूत टेकले आणि हळूहळू दक्षिणेकडे फिरून बसले.

सत्यवती